वजन उतरले नाही म्हणून

‘शुगर निघाली’ हे शब्द आता नांदेड-लातूर भागात लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर, बाजार समितीच्या आडतीवर, कुठेही कानावर पडतात. त्यापुढची गोष्टही साधारण ठरलेली असते. डॉक्टर सांगतात, वजन कमी करा, चालायला लागा, खाण्यावर ताबा ठेवा. माणूस नवे बूट आणतो, पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारू लागतो, रात्रीचा भात सोडतो. दोन-तीन महिन्यांनी काट्यावर उभा राहतो, तर वजन जेमतेम किलोभर उतरलेले असते. ‘एवढे चालून काही उपयोग नाही,’ असे तो म्हणतो, घरचेही माना डोलावतात आणि पाऊस लागला की बूट कोपऱ्यात जातात ते जातातच. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत फार मोठी आहे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे. चालण्याचा आणि ताटातल्या बदलाचा उपयोग त्या तीन महिन्यांत सुरू झालेला असतो. तो काट्यावर दिसत नाही, कारण आपल्याकडच्या या आजाराचे मूळ सगळेच्या सगळे किलोत सापडत नाही. ते पोटातल्या चरबीत, यकृतात आणि दुबळ्या स्नायूंत आहे. व्यायाम आणि आहार यांची परीक्षा आपण चुकीच्या मापाने घेतो आणि मग त्यांना नापास ठरवतो.

हे माप आपल्याला का लागू पडत नाही, याचा सर्वात बोलका पुरावा पुण्यातून आला. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. म्हणजे काट्याच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, तेव्हा हा सगळा फरक वंशाचा म्हणता येणार नाही. त्यात व्यायामाचाही वाटा आहे, आणि आपल्या मुद्द्यासाठी तेच महत्त्वाचे आहे. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. ही आठशे ग्रॅमची तूट मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. हडकुळे दिसणारे मूल आतून चरबी बाळगून जन्माला येते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची वेस अलीकडे ओढावी लागली. २३ च्या वर जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की तो धोक्याचा मानला जातो.

मराठवाड्याच्या संदर्भात या संशोधनाचा अर्थ अधिक गंभीर आहे. हा दुष्काळाचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर आणि सुकडीवर दिवस काढणारी पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे, आणि त्या पिढीच्या पोटी आलेली माणसे आज पन्नाशीत आहेत. आईच्या पोटात असताना सोसलेली उपासमार पुढे साखरेच्या रूपाने उगवते, हे नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भात असलेल्या मुलांच्या अभ्यासातून दिसले आहे. पुण्यातच पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या उंदरांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर खायला घातले, तरी लठ्ठपणाकडे आणि मधुमेहाकडे असलेला त्यांचा कल गेला नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण सावध व्हायला एवढे पुरे आहे. ज्या शरीराची घडण टंचाईसाठी झाली, त्याच्यापुढे एकाच आयुष्यात पोटभर भात, स्वस्त तेल, साखरेचा चहा आणि दुचाकी आली. अशा शरीराला आजारी पडण्यासाठी फार जाडजूड व्हावे लागत नाही. ‘आमचा माणूस तर काटक, त्याला कशी शुगर?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

हा केवळ शहरातल्या खात्यापित्या घरांचा प्रश्न आहे, असेही समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत देशभरातील १,१३,०४३ लोक तपासले गेले आणि २०२३ साली तिचे आकडे आले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के होते. पण उंबरठ्यावरच्यांचे प्रमाण शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखे. औसा, निलंगा, कंधार, मुखेड अशा तालुक्यांच्या गावांनी शेवटची ओळ पुन्हा वाचावी. खेड्यात रोग शहरापेक्षा कमी आहे, पण रोगाकडे निघालेली माणसे शहराइतकीच आहेत. त्याच पाहणीत पोट सुटलेल्यांचे प्रमाण ३९.५ टक्के निघाले आणि एकूण लठ्ठपणाचे २८.६ टक्के. म्हणजे काट्यावर लठ्ठ न ठरलेल्या पण पोट सुटलेल्या माणसांचा एक मोठा गट आपल्यात वावरतो आहे. ‘मी तर बारीक आहे’ या समजुतीखाली तो निर्धास्त आहे.

आता शरीरात काय घडते ते जवळून पाहू. दुपारचे जेवण झाले आहे. ताटात तीन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि भात. त्यातले पीठ आतड्यात सुटते आणि त्याची साखर होऊन रक्तात उतरते. स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. इन्शुलिनच्या हाकेवर ही साखर उचलणारे शरीरातले सर्वात मोठे कोठार म्हणजे स्नायू, विशेषतः मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे. जुन्या काळी गावात ज्वारी साठवायला पेव असे, तसे हे साखरेचे पेव आहे. ज्याचे स्नायू कमी, त्याचे पेव लहान. जो दिवसभर बसून असतो त्याने काल साठवलेले खर्चच केलेले नसते, म्हणून त्याचे पेव आधीच भरलेले. मग उरलेली साखर यकृताकडे वळते आणि तिथे तिची चरबी बनते. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर, उपाशीपोटीही, रक्तात साखर सोडत राहते. सकाळच्या तपासणीत ‘उपाशीपोटीची साखर’ वाढलेली दिसते ती यामुळे. हीच चरबी रक्तातून फिरते, तेव्हा ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगले कोलेस्टेरॉल घटते, आणि ती स्वादुपिंडात साचली की इन्शुलिनचा झराच आटू लागतो. हा माणूस आता उठून चालू लागला तर? आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत ओढून घेतो. पेवाला दुसरे तोंड फुटते. शिवाय त्या चालण्यानंतर एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनचे अधिक नीट ऐकतो. म्हणून व्यायाम जवळपास रोज हवा. रविवारी एकदम तासभर धावून आठवडा भरून निघत नाही. या सगळ्यात वजन उतरण्याची अट कुठेच नाही.

हे तर्काने पटते, पण पुरावा काय? तो चेन्नईहून आला आहे आणि आपल्याच देशातल्या माणसांवरचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचे चार गट केले आणि तीन वर्षे पाठपुरावा केला. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला आहार आणि चालणे, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला दोन्ही. निकाल २००६ साली आले. नुसत्या सल्ल्याच्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-व्यायामाच्या गटात ३९.३ टक्क्यांना आणि गोळीच्या गटात ४०.५ टक्क्यांना. म्हणजे रोजचे चालणे आणि ताटातला बदल गोळीच्या तोडीस तोड ठरला. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आहार-व्यायामाच्या गटाचे वजन लक्षात येण्याजोगे उतरले नव्हते. आपला तो बूट कोपऱ्यात टाकणारा माणूस या गटात असता, तर त्यानेही ‘उपयोग नाही’ म्हणून सोडून दिले असते, आणि नेमके त्याच वेळी त्याचे शरीर आजारापासून दूर जात असते. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ साली सुरू झालेल्या ५७७ लोकांच्या अभ्यासानेही हेच सांगितले. सहा वर्षांत सल्ल्याविना राहिलेल्यांपैकी ६७.७ टक्क्यांना मधुमेह झाला. आहाराच्या गटात हे प्रमाण ४३.८ आणि व्यायामाच्या गटात ४१.१ टक्के राहिले, आणि हा फायदा सडपातळ माणसांनाही जाड माणसांइतकाच झाला. तीस वर्षांनी पाहिले, तेव्हा ज्यांनी तेव्हा सवयी बदलल्या होत्या, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात २६ टक्क्यांनी कमी होते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील ३,२३४ लोकांच्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, चेन्नईच्या जवळपास दुप्पट, आणि तिथे सात टक्के वजन उतरवणे हे एक मुख्य उद्दिष्ट होते. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ प्रयोगात तर ज्यांनी पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवले, त्यांच्यापैकी ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षाअखेर गोळीशिवाय मागे हटलेला होता. मग वजन महत्त्वाचे नाही, असे कसे म्हणता? उत्तर असे, की वजन महत्त्वाचे आहेच. ज्याच्या अंगावर पंधरा-वीस किलो जादा आहेत, त्याने ते उतरवावेत, आणि त्यासाठी खाणेच कमी करावे लागेल. नुसत्या चालण्याने एवढे वजन उतरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ते उतरल्यावर आजार का हटतो, याचा शोध प्रा. रॉय टेलर यांनी घेतला, तेव्हा उत्तर यकृतात आणि स्वादुपिंडात सापडले. तिथली चरबी गेली, की इन्शुलिनचे चक्र पुन्हा फिरू लागते. प्रत्येक माणसाची चरबी पेलण्याची आपली एक मर्यादा असते, असे ते म्हणतात. एखाद्याची शंभर किलोला ओलांडते, तर एखाद्याची पासष्टलाच. आपली मर्यादा खाली आहे. म्हणून लातूरच्या सडपातळ माणसाला ब्रिटनच्या माणसासारखे पंधरा किलो उतरवण्याचे ध्येय देणे जसे निरर्थक, तसेच दोन किलोच उतरले म्हणून हिरमुसणेही निरर्थक. त्याने कंबरेला टेप लावावा. पोटातली चरबी हलते आहे की नाही, याचा अंदाज काट्यापेक्षा टेप अधिक चांगला देतो.

आहाराचा विषय निघाला, की लातूरचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते, कारण तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी इथूनच आपल्या मोहिमेला सुरुवात केली. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून त्यांनी मांडलेली सूत्रे घराघरांत पाठ झाली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ठरवा, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या मोहिमेचे एक श्रेय निर्विवाद आहे. इन्शुलिन हा शब्द तिने सामान्य मराठी माणसाच्या तोंडी आणला आणि येता-जाता चहा-बिस्किटे, फरसाण, पेढा तोंडात टाकण्याच्या सवयीला पहिल्यांदा प्रश्न विचारला. पण मग वाद पेटला तो ‘दोनदा की दर दोन तासांनी’ या एकाच मुद्द्यावर, आणि त्या धुरळ्यात बाकी सगळे झाकले गेले. पुरावा दोन्ही बाजूंनी तपासला, तर चित्र असे दिसते. प्रागमध्ये मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात सारख्याच उष्मांकाचे अन्न सहा वेळांऐवजी दोनदा दिले, तेव्हा वजन आणि यकृतातली चरबी अधिक उतरली. मात्र ती दोन जेवणे सकाळची आणि दुपारची होती. चीनमधल्या १३९ लोकांच्या प्रयोगात खाण्याचे तास आठांवर आणले, पण उष्मांक दोन्ही गटांत सारखेच कमी ठेवले, तेव्हा वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनांत फरक पडला नाही. थोडक्यात, मधले खाणे बंद होणे ज्याला मानवते, त्याच्यासाठी ते उत्तम साधन आहे. ज्याला मानवत नाही, त्याच्यासाठी वाट बंद झालेली नाही. आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता एखादे जेवण टाळू नये, कारण साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. घड्याळावर एवढे भांडलो, तर ताटात काय आहे आणि जेवल्यानंतर पाय चालतात की नाही, यावर त्याच्या दसपट बोलायला हवे होते.

ताटात काय आहे, ते एका पिढीत बदलले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची किंवा पालेभाजी, कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक हे मराठवाड्याचे मूळ ताट. खरिपातली ज्वारी गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आले. शिधापत्रिकेवर मुख्यतः गहू आणि तांदूळ येतात, तेही जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत. गरिबाच्या चुलीला त्याचा फार मोठा आधार आहे आणि तो काढून घ्या, असे कोणी म्हणू नये. पण त्यामुळे ताट एका बाजूला कलंडले, हेही खरे. म्हणून आता ‘ज्वारीकडे परत चला’ अशी हाक येते. ती अर्धीच बरोबर आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतुमय भाग असतो आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन, म्हणून ज्वारी नक्कीच सरस. पण ज्वारी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातही दोन-तृतीयांश पीठच असते. ‘इंडियाब’च्या आहारविषयक अहवालाने २०२५ साली हेच दाखवले. भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि नुसते मैदा-तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ वापरले, पण प्रमाण तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही. एकूण उष्मांकांपैकी पाच टक्के पिठाऐवजी डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेतले, तर मात्र तो कमी दिसतो. म्हणजे पाच भाकरींच्या तीन व्हाव्यात आणि उरलेल्या जागी उसळ, घट्ट वरण, ताक, अंडे यावे. तुरीच्या बाजारासाठी आणि डाळमिलसाठी देशात नाव असलेल्या लातूर जिल्ह्यात कितीतरी घरांत वरण एवढे पातळ असते की वाटीचा तळ दिसतो, आणि चाळीस टक्के प्रथिने असलेले सोयाबीन पोत्यात भरून तेलगिरणीकडे जाते, ही आपल्या शेतीची आणि ताटाची झालेली फारकत आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला कुणीही बसावे आणि त्याच्या ताटात पोळीबरोबर डाळ पडावी, तसे आपल्या प्रत्येक घरात व्हायला हवे. उपवासाचेही तेच. साबुदाणा, बटाटा, भगर म्हणजे पिठावर पीठ. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीत आजीने दिलेला इशारा आजच्या विज्ञानानेही दिलाच असता.

दुसरा आक्षेप शेतकरी-शेतमजुरांच्या वतीने येतो. ‘दिवसभर घाम गाळणाऱ्याला तुम्ही काय व्यायाम सांगता?’ जो खरोखर दिवसभर राबतो त्याला सांगायचेच नाही. त्याला सांगायचे ते ताटाबद्दल, विश्रांतीबद्दल आणि तपासणीबद्दल. पण शेतीतले श्रम आता वर्षभर सारखे राहिलेले नाहीत. नांगरट, पेरणी ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर, शेतापर्यंत जाणे दुचाकीवर. पेरणी-काढणीच्या आठवड्यांत अंग मोडून काम आणि मधले महिने पारावर, अशी वर्षाची वाटणी झाली. त्या मोकळ्या महिन्यांत खाणे मात्र श्रमाच्या दिवसांचेच राहते. बैलामागे चालणारी पावले गेली, पण भाकरींची संख्या तीच राहिली. वडिलांचे ताट आणि मुलाची मोटारसायकल यांचा मेळ बसत नाही, आणि यात कुणाच्या आळसाचा दोष नाही.

स्त्रियांचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पोट सुटलेल्या स्त्रिया ४० टक्के आणि पुरुष १२ टक्के निघाले. बाई दिवसभर कामात असते, मग असे का? कारण घरकाम बहुतेक उभ्याने आणि बसून होते, दम लागेल असे चालणे त्यात नसते. आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर ती जेवायला बसते, तेव्हा भाकरी आणि भात उरलेला असतो, वरणाच्या भांड्यात मात्र तळ असतो. तिच्या वाट्याला पीठ येते आणि प्रथिने संपतात. तिने संध्याकाळी एकटीने फिरायला निघावे, तर अंधारा रस्ता आणि लोकांच्या नजरा आड येतात. तिला ‘वजन कमी कर’ असे सांगणे सोपे आहे. डाळीची वाटी आधी तिच्यासमोर ठेवणे आणि तिच्यासोबत अर्धा तास चालणे, हा खरा सल्ला. अशीच काळजी ‘लातूर पॅटर्न’च्या, म्हणजे इथल्या शिकवणीवर्गांतल्या, मुलांची वाटते. सोळा ते अठरा ही स्नायू भरण्याची वर्षे. त्याच वर्षांत लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत आलेली मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत खुर्चीत असतात, मेसच्या डब्यात चार पोळ्या, भात आणि पातळ डाळ असते, आणि रात्री जागायला चहा-बिस्किटे. या मुलांपैकी अनेकांना डॉक्टर व्हायचे आहे. त्यांचे गुण वाढावेत म्हणून त्यांच्या दिवसातून खेळाचा तास काढून घेतला, तर आपण त्यांच्या चाळिशीतल्या आजाराची पेरणी करत आहोत. दर दीड तासाने दहा मिनिटे उठणे आणि रोज एक तास मैदान, एवढे शिकवणीवर्गांनी आणि पालकांनी ठरवले, तर निकाल घसरणार नाही.

तिसरा आक्षेप ताजा आहे. आठवड्याला एक इंजेक्शन घेतले की भूक मंदावते आणि वजन भराभरा उतरते, मग हा सगळा खटाटोप कशाला? ‘मौंजारो’ हे असे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आले आणि या औषधांची चर्चा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. ज्यांचा लठ्ठपणा जिवावर बेतला आहे, त्यांच्यासाठी ही औषधे वरदान ठरतील, यात शंका नाही. पण उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे स्नायूंचे भांडवल मुळातच तुटपुंजे. औषध थांबले की बरेचसे वजन परत येते, आणि परत येते ती बहुतेक चरबी. काट्याला देव मानणारा समाज या औषधांकडे सर्वात आधी धावेल आणि सर्वात जास्त फसेल. ज्याला इंजेक्शन लागते त्यालाही प्रथिने आणि स्नायूंचा व्यायाम लागतोच, उलट अधिक लागतो. नुसते चालणेही त्याला पुरणार नाही. उठाबशा, जिने चढणे, पाण्याने भरलेली कळशी उचलणे, असे काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा हवे.

शेवटी राहतो मनोनिग्रहाचा मुद्दा. ‘लोकांना कळते, पण वळत नाही,’ असे म्हणून आपण जबाबदारी माणसावर टाकून मोकळे होतो. पण कळलेले वळायला वाट लागते. शिधावाटपात गहू-तांदळाबरोबर डाळ नियमित आली, शाळेच्या पोषण आहारातली उसळ घट्ट राहिली, अंगणवाडी ताई आणि आशा ताई यांच्या हातात वजनकाट्याबरोबर कंबर मोजण्याचा टेप आला, मैदानांत दिवे लागले, शहरांच्या रस्त्यांना चालण्याजोगी कडा राहिली, तर मनोनिग्रह थोडा कमी पडला तरी चालेल. आणि गरोदर मुलीच्या ताटाकडे आज लक्ष दिले, तर तिच्या पोटातल्या बाळाला पन्नास वर्षांनी टेपची फारशी गरज पडणार नाही. ही कामे महापालिका, जिल्हा परिषद आणि सरकारची आहेत, आणि ती मागण्याचा हक्क आपला आहे.

घरात मात्र आजच सुरू करता येईल अशी एक गोष्ट आपल्या भाषेत कधीपासूनची आहे. जेवणानंतरची शतपावली. वयस्क माणसांवरच्या एका छोट्या प्रयोगात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे हे एकदम पंचेचाळीस मिनिटे चालण्याइतके, रात्रीच्या साखरेसाठी तर त्याहून अधिक उपयोगी ठरले. कारण तेच, पेवाचे दुसरे तोंड नेमके साखर वाहत असताना उघडते. शंभर पावले थोडी कमी पडतील, ती दीड हजार करावी लागतील, एवढाच बदल. रात्रीचे जेवण झाले, की अंगणात, गल्लीत, गच्चीवर, घरातल्या सगळ्यांनी, सासूने आणि सुनेने, बापाने आणि मुलाने, पंधरा मिनिटे सोबत चालावे. महिन्यातून एकदा कंबरेचे माप भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे, तीन महिन्यांनी साखर आणि ट्रायग्लिसराइड तपासून घ्यावेत. त्या तीन महिन्यांत वजन उतरले तर आनंदच आहे. उतरले नाही, तरी बूट कोपऱ्यात टाकू नयेत.